फोल्डर पुसल्याने प्लगिन दुरुस्त होत नाही

महोदय,

विम या मजकूर-संपादकाचे प्लगिन (जादा सोयी देणारे जोड) गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीच्या सबमॉड्यूलमध्ये, म्हणजे मुख्य भांडाराच्या पोटातल्या दुसऱ्या भांडारात, ठेवले आणि एखादे बिघडले, की 'फोल्डर पुसा, पुन्हा जोडा' असा सल्ला सर्रास दिला जातो. तो नवशिक्यांचे नुकसान करतो. प्लगिनचा खरा साठा '.गिट/मॉड्यूल्स'मध्ये असतो. वरवरचे फोल्डर पुसले तरी तो तसाच उरतो आणि त्याच नावाने पुन्हा जोडताना गिट अडवते. प्लगिन काढायचेच असेल तर आधी 'गिट सबमॉड्यूल डीइनिट -एफ', मग 'गिट आरएम', दोन्हींपुढे प्लगिनचा मार्ग, शेवटी '.गिट/मॉड्यूल्स'मधले त्याचे फोल्डर हाताने पुसावे.

बहुतेक वेळा मात्र काढायची गरजच नसते. नव्या संगणकावर नुसते क्लोन केले, म्हणजे भांडाराची प्रत उतरवली, की सबमॉड्यूलची फोल्डरे रिकामी येतात. विम त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. प्लगिनची आज्ञा दिली की मगच 'ई४९२' (अशी आज्ञा नाही) ही चूक दिसते. त्यावर 'गिट सबमॉड्यूल अपडेट --इनिट --रिकर्सिव्ह' एवढे पुरते. ते करूनही प्लगिन चालले नाही, तर प्लगिनच्या फोल्डरचा मार्ग तपासावा. २०१६ च्या विम ८ पासून 'पॅक/कोणतेही नाव/स्टार्ट' इथले प्लगिन आपोआप उघडतात. मधले नाव गाळले की काहीच होत नाही.

विमच्या जुन्या मांडणीत सबमॉड्यूलचे पत्ते 'गिट://'ने सुरू होतात. गिटची भांडारे ठेवणाऱ्या गिटहब या संकेतस्थळाने हा मार्ग मार्च २०२२ मध्ये कायमचा बंद केला. सबमॉड्यूलची नोंद ठेवणाऱ्या '.गिटमॉड्यूल्स' फाइलमध्ये 'एचटीटीपीएस' लिहिणे पुरत नाही, कारण पत्त्याची प्रत '.गिट/कॉन्फिग'मध्ये आधीच गेलेली असते. म्हणून 'गिट सबमॉड्यूल सिंक' आणि मगच अपडेट.

सर्वांत जास्त गोंधळ अद्ययावत करताना होतो. मुख्य भांडारात प्लगिनची शाखा नव्हे, तर एक ठरावीक कमिट (जतन केलेला एक टप्पा) नोंदलेली असते. 'अपडेट --रिमोट'ने नवे प्लगिन आले तरी मुख्य भांडारात कमिट केले नाही, तर पुढचे साधे अपडेट जुन्यावर परत नेते. '.गिटमॉड्यूल्स'मधल्या नोंदीत शाखा 'मास्टर' आणि मूळ लेखकाने ती 'मेन' केलेली, असे असेल तर ही आज्ञा तिथेच अडते. नोंदीतले शाखेचे नाव बदलावे. 'हेल्पटॅग्ज' या विमच्या मदतीची सूची बनवणाऱ्या आज्ञेमुळे तयार झालेली 'डॉक/टॅग्ज' फाइल सबमॉड्यूल सतत बदललेले दाखवते; '.गिटमॉड्यूल्स'मधल्या त्याच्या नोंदीत 'इग्नोर = अनट्रॅक्ड' लिहावे.

विद्यार्थ्यांना तयार मांडणी देणाऱ्या शिक्षकांनी तिच्या माहितीपत्रात निदान इनिट आणि सिंक या दोन आज्ञा लिहाव्यात, ही विनंती.

— एक वाचक, पुणे