सोनोग्राफीचा सहा महिन्यांचा कोर्स करून काय मिळतं?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

बारावीचा निकाल लागला की स्वारगेटपासून अप्पा बळवंत चौकापर्यंत खांबाखांबावर जाहिराती झळकू लागतात : ‘सहा महिन्यांत सोनोग्राफी टेक्निशियन व्हा, नोकरीची हमी’. आपल्या दैनिकाच्या छोट्या जाहिरातींतही त्या दिसतात, म्हणून हे पत्र आपल्यालाच. चित्रात बहुधा एखादी परदेशी तरुणी असते, हातात प्रोब (पोटावर फिरवायचं उपकरण), समोर पडदा. मी पुण्यातल्या एका सोनोग्राफी सेंटरमध्ये बरीच वर्षं टेक्निशियन म्हणून काम करते. त्या चित्रातलं काम मला करता येत नाही आणि करूही नये.

चित्र खोटं नाही, फक्त ते इथलं नाही. अमेरिकेत सोनोग्राफर रीतसर शिक्षण घेऊन स्वतः तपासणी करतात, डॉक्टर प्रतिमा पाहून रिपोर्ट देतात. इंग्लंडमध्ये पुष्कळदा रिपोर्टही सोनोग्राफरच लिहितात. आपल्याकडे गर्भलिंगनिदानाने जो उच्छाद मांडला, त्यावर महाराष्ट्राने 1988 साली देशात सर्वांत आधी कायदा केला. मग 1994 चा केंद्राचा कायदा आला. त्यानुसार तपासणी करायची ती पात्र, नोंदणीकृत डॉक्टरनेच. एवढंच नव्हे, 2014 च्या नियमांप्रमाणे नुसत्या एमबीबीएस डॉक्टरलाही सोनोग्राफी करायची तर सहा महिन्यांचं वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं. डॉक्टर झाल्यावरचे सहा महिने आणि बारावीनंतरचे सहा महिने हे जाहिरातवाल्यांनी बेमालूम एकच करून टाकलेत!

गेल्या वर्षी इंदापूरकडची एक मुलगी आमच्याकडे नोकरी मागायला आली. असाच कोर्स केलेला, प्रमाणपत्र लॅमिनेट करून आणलेलं. कांद्याचे पैसे येतील तसे वडिलांनी फीचे हप्ते भरले होते. ‘मॅडम, मशीनवर कधीपासून बसू?’ हा तिचा पहिला प्रश्न. डॉक्टरांनी तिला समजावून सांगितलं. आता ती काउंटरवर नावं लिहून घेते. ते काम तिला बारावीवरही मिळालं असतं.

मग आम्ही दिवसभर करतो तरी काय? पोटाच्या तपासणीला आलेल्या आजोबांनी ‘फक्त चहा-बिस्किट’ घेतलेलं असतं. खाल्ल्यावर पित्ताशय आकसतं, नीट दिसत नाही, म्हणून त्यांना उद्या उपाशीपोटी या सांगायचं आणि वर बोलणी खायची. ओटीपोटाच्या तपासणीसाठी तांब्याभर पाणी पिऊन बसलेल्या बाईंना ‘अजून दहा मिनिटं दम धरा’ म्हणायचं, आणि तेवढ्यात आत इमर्जन्सी येते. जेल लावणं, प्रोब पुसणं, डॉक्टर सांगतील तो रिपोर्ट टाइप करणं. आणि फॉर्म एफ, याच कायद्याने सक्तीचा केलेला. प्रत्येक गरोदर बाईचा हा फॉर्म भरायचा, तिला आधीचे मुलगे किती, मुली किती, तेसुद्धा त्यात येतं. दोन वर्षं नोंदी जपायच्या, दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत अहवाल पाठवायचा. एखादा रकाना कोरा राहिला तरी कायद्याच्या लेखी ते उल्लंघन ठरू शकतं आणि मशीनला सील लागू शकतं. खाली सही डॉक्टरांची असली तरी तपासून घेणारी नजर आमचीच. हे काम हलकं नाही, पण कोर्सच्या माहितीपत्रकात त्याचा एक शब्द नसतो.

आणि बाहेर पॅसेजमधली सासू काय शिकवते, तेही कुठल्या वर्गात येत नाही. ‘ताई, तोंडाने नका सांगू, पेढे आणू की बर्फी एवढंच.’ मागच्या भिंतीवर ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ हा फलक असतो, त्याच्याच खाली उभं राहून हे विचारलं जातं. कोवळ्या वयाची, कमी पगाराची मुलगी त्या जागी बसवली आणि तिला कायद्याचा गंधही नसला, तर नोटांपुढे ती कितपत टिकेल?

रेडिओलॉजीत करिअर नाही असं माझं मुळीच म्हणणं नाही. एक्स-रे, सीटी, एमआरआय ही यंत्रं टेक्नॉलॉजिस्टच चालवतात, त्यासाठी पदवीचे नीट अभ्यासक्रम आहेत, आरोग्य विज्ञान विद्यापीठाचेही आहेत. अशा व्यवसायांसाठी केंद्राने 2021 मध्ये राष्ट्रीय आयोगाचा कायदाही केला. तेव्हा पालकांनी फी भरण्याआधी संस्थेला दोन गोष्टी लेखी मागाव्यात : मान्यता कोणत्या विद्यापीठाची किंवा परिषदेची, आणि हा कोर्स करून सोनोग्राफी स्वतः करता येईल का. दुसऱ्या प्रश्नाला ‘हो’ असं लिहून देणारी संस्था भेटली, तर तो कागद घेऊन थेट महापालिकेच्या आरोग्य विभागात जावं. आपणही अशी जाहिरात स्वीकारताना मान्यतेचा कागद मागावा, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक वाचक, धनकवडी, पुणे
(नोकरीच्या कारणास्तव नाव छापू नये.)