कानात थेंब घालण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाऊस लागला की नौपाड्यातल्या आमच्या औषधांच्या दुकानात एक मागणी हमखास वाढते : "कानात दडे बसलेत, काहीतरी थेंब द्या." मागणारा भिजून आलेला असतो, मागे रांग असते, बाटली हातात पडली की प्रश्न सुटला असे त्याला वाटते. मी फार्मासिस्ट आहे आणि माझे ठाम मत आहे की ही बाटली अशी मागताक्षणी देऊ नये. हे पत्र गिऱ्हाइकांइतकेच माझ्या व्यवसायबंधूंसाठी आहे.

कानाचे सगळे थेंब सारखे नसतात. मळ सैल करणाऱ्या थेंबांत बहुधा पॅराडायक्लोरोबेन्झीन, टर्पेंटाइन तेल, क्लोरब्युटॉल आणि बधिर करणारे बेन्झोकेन असते. पडदा शाबूत असेल तर ठीक, पण त्याला भोक असेल तर हेच द्रावण मधल्या कानात उतरते. जेन्टामायसिनसारख्या प्रतिजैविकाचे थेंब भोकातून आत गेले, तर ऐकण्याच्या पेशींना कायमची इजा होऊ शकते. शिवाय पावसाळ्यात कानाला सुटणारी खाज पुष्कळदा बुरशीची असते. तिच्यावर घरात उरलेले प्रतिजैविक-स्टेरॉइडचे थेंब घातले की बुरशी आणखी माजते. मळ असो, बुरशी असो की पडदा फाटलेला असो, माणूस सांगताना एवढेच सांगतो : कान बंद झालाय.

दुकानात उभे राहून कोणाच्या कानाचा पडदा दिसत नाही, म्हणून विचारावे लागते. कान वाहतो का? ठणकतो का? पूर्वी कधी पडदा फाटला होता किंवा कानाचे ऑपरेशन झाले आहे का? मधुमेह आहे का? यातल्या एकालाही 'हो' आले तर मी थेंब देत नाही, कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवते. मधुमेहाचे विचारले की लोकांना नवल वाटते. पण वयस्कर मधुमेही माणसाच्या कानातला साधा जंतुसंसर्ग हाडापर्यंत पोहोचू शकतो; रात्री झोपू न देणारी कानदुखी हे त्याचे लक्षण असते. काही जण माझ्या प्रश्नांना कंटाळून पुढच्या दुकानात जातात आणि तिथे बाटली मिळवतात. हे मला फार लागते.

मुळात कानातला मळ ही घाण नाही. कानाच्या नळीच्या बाहेरच्या एक तृतीयांश भागातल्या ग्रंथी तो तयार करतात. तो किंचित आम्लधर्मी असतो, पाणी आत झिरपू देत नाही, धूळ धरून ठेवतो, जंतूंना आळा घालतो. घोडबंदर रस्त्याची धूळ रोज खाणाऱ्यांना तर तो हवाच. पडद्यावरची आणि नळीतली कातडी सतत बाहेरच्या दिशेने सरकत असते, तिच्याबरोबर मळही येतो. जेवताना-बोलताना जबडा हलतो, त्याचीही मदत होते. बाहेर पाळीपर्यंत आलेला मळ आंघोळीनंतर पंचाच्या टोकाने टिपून घेतला की बहुतेकांचे काम झाले.

मोठ्या माणसाच्या कानाची ही नळी जेमतेम अडीच सेंटीमीटर लांब असते. कान कोरायच्या कापसाच्या बडच्या टोकाला पिवळा मळ दिसला की समाधान होते, पण त्याहून अधिक मळ पडद्यापाशी ठासला गेलेला असतो. बऱ्याच पाकिटांवर बारीक अक्षरांत 'कानाच्या नळीत घालू नये' असे छापलेले असते, ते कोणी वाचत नाही. हेअरपिन, काडेपेटीची काडी, स्कूटरची किल्ली, पेनाचे टोपण, आमच्याकडे येणारे लोक या सगळ्यांची नावे अगदी सहज घेतात. आता मोबाइलला जोडायचे कॅमेऱ्याचे कानकोरणेही ऑनलाइन मिळते. मोबाइलच्या पडद्यावर कानाच्या आत काय चालले आहे ते दिसले, म्हणून हात स्थिर होत नाही. शेजारून पोराने धक्का दिला की संपले.

तेलाबद्दल मात्र सरसकट नाही म्हणणार नाही. तेलाने मळ मऊ होतो हे खरे आहे. परदेशी डॉक्टरही ऑलिव्हचे किंवा बदामाचे तेल सुचवतात. पण लसूण घालून कडकडीत केलेले तेल कानाची कातडी भाजते, आणि आपल्या दमट हवेत ओल्या, खाजऱ्या कानात तेल मुरत ठेवणे म्हणजे बुरशीला निमंत्रण. तान्ह्या बाळांना न्हाऊ घालणाऱ्या मावशींना माझी हात जोडून विनंती आहे : टाळू भरा, अंग चोळा, पण बाळाच्या कानात तेल ओतू नका.

थेंब योग्य असतील तर बाटली मुठीत धरून अंगाइतकी कोमट करावी. गार थेंबांनी चक्कर येते. कुशीवर झोपून, कानाची पाळी वर आणि मागे ओढून थेंब घालावेत आणि पाचेक मिनिटे तसेच पडून राहावे. पहिल्या एक-दोन दिवसांत मळ फुगतो, दडा अधिक बसल्यासारखा वाटतो. तेव्हा घाबरून बड घालू नये. चार-पाच दिवसांत कान मोकळा झाला नाही तर डॉक्टर सक्शनने, म्हणजे बारीक नळीने ओढून, मळ काढतील. घरी पिचकारी मारू नये. ब्रिटनमध्ये उपचार कसे करावेत याचे मार्गदर्शन करणाऱ्या 'नाइस' या संस्थेने तर २०१८ मध्ये डॉक्टरांनाही हाताच्या पिचकारीऐवजी दाब ताब्यात ठेवणारे यंत्र किंवा सक्शन वापरायला सांगितले.

आमच्या ओळखीच्या एका आजोबांच्या श्रवणयंत्राची सारखी शिट्टी वाजायची. घरचे नवे यंत्र घ्यायला निघाले होते. डॉक्टरांनी मळ काढला आणि जुनेच यंत्र नीट चालू लागले. उतारवयात मळ कोरडा होतो, यंत्राचे टोक त्याला बाहेर येऊ देत नाही, म्हणून अशा माणसांचे कान अधूनमधून तपासून घ्यायलाच हवेत.

आणि एक गोष्ट कृपया ठळक छापावी. एका कानाने अचानक, काही तासांत किंवा सकाळी उठल्यावर ऐकू येईनासे झाले, तर ते मळामुळेच आहे असे समजून थेंब घालत बसू नये. कानाच्या नसेचा त्रास असेल तर स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत, तोही जितक्या लवकर तितका अधिक होतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

ठाण्यात ज्येष्ठ नागरिक संघ भरपूर आहेत आणि त्यांची रक्तदाब-साखरेची शिबिरे नेहमी होतात. त्यांत एखाद्या कान-नाक-घसा तज्ज्ञांना बोलावून सगळ्यांचे कान बघून घ्यावेत. नौपाड्यातल्या कोणत्याही संघाने असे ठरवले, तर थेंबांविषयी बोलायला मी आनंदाने येईन.

— एक फार्मासिस्ट, नौपाडा, ठाणे (प.)