दाराचा सांधा रंग लावण्याआधी पाहा

मा. संपादक,

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीपार गेला की नव्या दारांच्या सांध्यांत फटी दिसू लागतात आणि खापर लाकडावर फुटते. पुष्कळदा लाकूड चांगलेच असते, चुकलेला असतो सांधा.

लाकूड लांबीत जवळजवळ आटत नाही, रुंदीत आटते आणि पावसाळ्यात फुगते. ओलाव्यात चार टक्के फरक पडला तर 400 मिमी रुंद सागवानी फळी 3 मिमीपर्यंत कमी-जास्त होऊ शकते. म्हणून पॅनल, म्हणजे दाराच्या मधली रुंद फळी, चौकटीच्या खाचेत कधीही चिकटवू नये. चिकटवले की ते फाटते, नाहीतर सांधा उघडते. दोन्ही कडांना 2-3 मिमी जागा सोडावी आणि पॅनलच्या कडांना बसवण्याआधीच पॉलिश करावे, म्हणजे उन्हाळ्यात कोरी पट्टी उघडी पडत नाही.

कोपऱ्याला कुसूच हवे, म्हणजे आडव्या पट्टीच्या टोकाला कोरलेली, उभ्या पट्टीच्या भोकात बसणारी जीभ. आडव्या पट्टीच्या टोकात स्क्रू मारून काम उरकले जाते, पण टोकाकडून, रेषांच्या दिशेने घुसलेला स्क्रू नीट पकड घेत नाही. कुसू जाडीच्या एक तृतीयांश, म्हणजे 30 मिमीच्या पट्टीला 10 मिमी ठेवावे. ते हाताने दाबून किंवा लाकडी हातोडीच्या हलक्या ठोक्याने बसावे. जोर लावावा लागला तर भोकाची भिंत चिरते. सैल असेल तर फेविकॉलवर भिस्त ठेवू नये, कारण तो पोकळी भरून काढत नाही. भोक आरपार नसेल तर कुसवापेक्षा 2-3 मिमी खोल घ्यावे. नाहीतर तळाशी साचलेला फेविकॉल कुसवाला मागे रेटतो आणि खांदा, म्हणजे कुसवाच्या बुडाशी असलेली पट्टीची कड, उभ्या पट्टीला टेकतच नाही. ही फट पुट्टीने झाकली तर उन्हाळ्यात पुन्हा उघडते.

वाळलेल्या बांबूची 8 मिमी खुंटी मारायची असेल, तर कुसवातले खुंटीचे भोक उभ्या पट्टीतल्या खुंटीच्या भोकापेक्षा खांद्याकडे एक मिमी सरकवून पाडावे, म्हणजे खुंटी ठोकताना सांधा आपोआप आवळला जातो. क्लॅम्प (सांधा दाबून धरणारा शिकंजा) लावल्यावर दोन्ही कर्ण मोजावेत, फरक असेल तर तेव्हाच चौकट सरळ करावी. उन्हाळ्यात फेविकॉल भराभर सुकतो, त्यामुळे आधी कोरडी जुळणी करून पाहावी. क्लॅम्प रात्रभर तसाच राहू द्यावा.

चौरस फुटाचा दर पाडून घेतला की पहिली काटछाट सांध्यातच होते. गिऱ्हाइकांना कळकळीची विनंती आहे की दार रंगाला जाण्याआधी दुकानात जाऊन चारही कोपरे पाहावेत आणि कुसवाच्या कामाचे पैसे वेगळे द्यावेत.

– एक सुतार, सोलापूर