चांदोलीला निघण्याआधी

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

मैत्रिणींबरोबर चांदोलीला चालली आहेस, हे फोनवर कळलं. तू घाईत होतीस, म्हणून हे लिहिते आहे. वाघ दिसेल का, असं विचारलंस. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला खरा, पण इथलं रान दाट आहे. वाघासाठीच गेलीस तर बहुधा हिरमुसून येशील.

गवा दिसेल. तो चरत असेल त्या माळाकडे नीट बघ, गवतात बांध दिसतील. ती शेतं होती गं. आधी वारणेवरच्या धरणासाठी आणि मग जंगलासाठी या खोऱ्यातली गावं उठली. खाचरांत गवत माजलं, त्या गवतावर गवे आले. रानात मध्येच आंबा-फणस जवळजवळ दिसले, तर तिथे कुणाचं तरी परसू असणार. मी गेले होते तेव्हा एका पडक्या जोत्यापुढे तुळशीवृंदावन तसंच उभं होतं. तिथून माझा पाय निघेना.

झोळंबीचा सडा चुकवू नकोस. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. माती नावालाच, तरी भाद्रपदाच्या सुमारास अशा सड्यांवर सीतेची आसवं निळीजांभळी पसरतात. एवढ्याशा मातीत त्या रोपाचं पोट भरत नाही, म्हणून ते आपल्या बारीक फुग्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून खातं. पावसाळ्यात उद्यान बंद असतं, तू जाशील तेव्हा फुलं सरलेली असतील. पण खळग्यांतल्या चिमूटभर मातीत बी असतं, तेव्हा पायवाट सोडून चालू नकोस.

जंगलात मान वर ठेव. शेकरू आधी ऐकू येतं, मग दिसतं. लांबलचक झुपकेदार शेपटी आणि या झाडावरून त्या झाडावर उडी!

प्रचितगडाची परवानगी मिळाली तर सोन्याहून पिवळं. त्याच्या कड्याखाली कोकणात शृंगारपूर आहे, येसूबाईंचं माहेर.

आणि एक काम कर. वाटाड्या जुना माणूस असला, तर त्या उठलेल्या गावांची नावं विचार आणि वहीत लिहून आण. त्या तुळशीवृंदावनापाशी मला विचारायचं सुचलं नव्हतं.

तुझी,
आई