लॅसिक झालेल्या डोळ्याचा दाब कमी दिसतो

महोदय,

चष्मा घालवण्यासाठी लेसर करून घेतलेले अनेक जण आता चाळिशी-पन्नाशीत, म्हणजे काचबिंदूच्या तपासणीच्या वयात आले आहेत. शिबिरात त्यांच्या हाती ‘दाब १४, नॉर्मल’ असा कागद पडतो. त्यावर त्यांनी विसंबू नये.

गोल्डमन टोनोमीटर (दाब मोजण्याचे यंत्र) कॉर्नियाचा (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा) ३.०६ मिमी व्यासाचा भाग सपाट करायला लागणारा जोर मोजतो आणि त्यावरून दाब सांगतो. हे गणित सुमारे ५२० मायक्रॉन जाडी धरून बसवलेले आहे. लॅसिक, पीआरके, स्माइल या चष्मा घालवण्याच्या तिन्ही लेसर पद्धतींत कॉर्निया पातळ होतो. एका नंबरमागे साधारण १२ ते १५ मायक्रॉन जातात, म्हणजे उणे ६ नंबरला ७० ते ९०. असा कॉर्निया थोड्या जोरानेही दबतो आणि आकडा खाली येतो. हवेचा झोत मारणाऱ्या यंत्राचीही तीच गत.

जाडी मोजून कोष्टकाप्रमाणे आकडा वाढवून घेणे इथे भरवशाचे नाही. कॉर्नियाचा बाक आणि ताठपणाही बदललेला असतो, त्यामुळे सारख्याच जाडीचे दोन डोळे वेगळे वागतात. पास्कल, ओआरए किंवा कॉर्व्हिस ही यंत्रे त्यातल्या त्यात बरी. ती नसतील तर गोल्डमनच वापरावा, पण दर वेळी तोच, आणि शक्यतो दिवसाच्या त्याच सुमारास. मोजणाऱ्याने यंत्रातून दिसणाऱ्या हिरव्या अर्धवर्तुळांकडेही बघावे. मोजण्याआधी डोळ्यात घातलेला रंग जास्त झाला की कडा जाड होतात आणि आकडा फुगतो. रुग्णाने श्वास रोखला किंवा पापण्या आवळल्या तरी तेच होते.

सर्वांत फसवा प्रकार ऑपरेशननंतरच्या स्टिरॉइड थेंबांचा. काहींचा दाब या थेंबांनी चढतो आणि लॅसिकच्या फ्लॅपखाली (कॉर्नियाच्या कापून उचललेल्या पापुद्र्याखाली) पाणी साचते. टोनोमीटर मग त्या पाण्याच्या गादीवर टेकतो आणि आत दाब ३०च्या वर असताना ८-१० दाखवतो. फ्लॅपखालचा धूसरपणा सूज वाटतो, म्हणून थेंब वाढवले जातात आणि दाब आणखी चढतो. सूज बहुधा पहिल्या आठवड्यातच दिसते. धूसरपणा त्यानंतर आला, किंवा थेंब वाढवूनही हटेना, तर आधी दाबाची शंका घ्यावी. टोनोपेनने (पेनासारख्या छोट्या टोनोमीटरने) फ्लॅपच्या बाहेर, कॉर्नियाच्या कडेला मोजून पाहावे. तिथला आकडा मधल्यापेक्षा बराच जास्त आला तर दुखणे कळले.

एरवीही निदान डोळ्याच्या नसेवरून व्हावे. उणे नंबर मोठा असणाऱ्यांना काचबिंदूचा धोका मुळातच जास्त, आणि लेसरने चष्मा गेला तरी तो धोका जात नाही. त्यांची नस तिरकी असल्याने ओसीटी (नसेच्या थराची जाडी मोजणारी तपासणी) कधी उगीचच धोक्याचा लाल रंग दाखवते. म्हणून नसेचा फोटो, ओसीटी आणि फील्ड टेस्ट (नजरेच्या कक्षेची तपासणी) तिन्ही करून पुढच्या वर्षीच्यांशी ताडून पाहावीत.

लेसर करणाऱ्या केंद्रांनी रुग्णाला एक कार्ड द्यावे. त्यावर ऑपरेशनपूर्वीचा नंबर, दाब आणि कॉर्नियाची जाडी, ऑपरेशनचा प्रकार व तारीख, आणि थेंब बंद झाल्यानंतरचा दाब कोणत्या यंत्रावर मोजला ते असावे. रुग्णांनी त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. वीस वर्षांनी फाइल सापडत नाही. आणि शिबिरांच्या फॉर्मवर एक प्रश्न वाढवावा: ‘चष्मा घालवण्याचे लेसर झाले आहे का?’ चष्मा नाही म्हटल्यावर हे विचारायचे कोणाला सुचत नाही, आणि रुग्णही आपणहून सांगत नाही.

– एक नेत्रतज्ज्ञ, पुणे