लुस्ट्राफ्योर्ड आणि निगार्ड्सब्रेन: सहकुटुंब निघालेल्या मित्रास

छत्रपती संभाजीनगर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

नॉर्वेचा तुझा बेत वाचला. सहा दिवसांत चार फ्योर्ड (डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाड्या), दोन हिमनद्या आणि वर ओस्लो! काकूंचे गुडघे आणि दोन लेकरं सांभाळत रोज बॅगा भरायच्या म्हटल्यावर डोंगर फक्त बसच्या काचेतून दिसतील. बाकी सगळं खोड. सोग्नेफ्योर्डची एकच शाखा धर, लुस्ट्राफ्योर्ड, आणि एकच हिमनदी, निगार्ड्सब्रेन. दोन्ही एकाच पाण्यानं जोडलेल्या आहेत.

वेरूळचं कैलास लेणं कारागिरांनी वरून खाली कोरत नेलं, हे तुला ठाऊक आहेच. फ्योर्डही तसाच वरून खाली कोरला गेलाय, फक्त छिन्नी बर्फाची होती. हिमयुगांत हजार मीटरहून जाड बर्फ दरीतून सरकत राहिला, तळाशी अडकलेल्या दगडांनी खडक खरवडत गेला. बर्फ हटला आणि समुद्र आत शिरला. सोग्नेफ्योर्ड समुद्रापासून आत 205 किलोमीटर जातो आणि मध्ये सुमारे 1,300 मीटर खोल आहे. तोंडाशी मात्र तो एकदम उथळ होतो. किनाऱ्याजवळ बर्फ पसरून पातळ झाला, त्याचं वजन घटलं, खोदणं थांबलं. त्या उथळ भागाला उंबरठाच म्हणतात.

आता पाण्याचं. निगार्ड्सब्रेन हा योस्तेदाल्सब्रेनचा एक फाटा, आणि योस्तेदाल्सब्रेन ही युरोपच्या मुख्य भूमीवरची सर्वांत मोठी हिमनदी. जात्यात दळावा तसा खडक तिच्याखाली दळला जातो आणि त्याचं बारीक पीठ वितळपाण्याबरोबर योस्तेदालच्या नदीतून गाउप्ने गावाशी फ्योर्डमध्ये उतरतं. हे कण लवकर तळाशी बसत नाहीत, उजेड विखुरतात, म्हणून उन्हाळ्यात लुस्ट्राफ्योर्ड दुधाळ हिरवा दिसतो. लेकरांना आधी हे हिरवं पाणी दाखव, मग दुसऱ्या दिवशी ते जिथून येतं तिथे ने.

जायकवाडी किती टक्के भरलं हे पावसाळ्यात आपण रोज बघतो. निगार्ड्सब्रेनचाही असाच हिशेब ठेवतात. हिवाळ्यात किती बर्फ जमा झाला, उन्हाळ्यात किती वितळला, याची मोजणी तिथे 1962 पासून दरवर्षी होते. हिमनदी म्हणजे धरणच, पावसाळ्याऐवजी हिवाळ्यात भरणारं. अठराव्या शतकात ती पुढे सरकत आली आणि 1740 च्या दशकात निगार्ड नावाची शेतवाडी तिच्याखाली गेली. नावही त्या वाडीवरूनच पडलं. 1990 च्या दशकात हिवाळ्यात खूप बर्फ पडल्यामुळे ती काही काळ पुढे आली, त्यानंतर मात्र मागेच हटते आहे. लेकरं शाळेत आहेत तोवर नेतो आहेस, हे फार चांगलं करतोस.

जुलै किंवा ऑगस्ट धर. जूनच्या सुरुवातीला हिवाळ्यात पडलेला बर्फ हिमनदीतल्या भेगांवर झाकण घालून असतो, जुलैत उघडा बर्फ आणि भेगा डोळ्यांना दिसतात. त्या दिवसांत अंधार फार उशिरा पडतो, झोपेसाठी डोळ्यांवरच्या पट्ट्या ने.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यात भेटीची वेळ मिळणं अवघड, म्हणून तीन महिने आधी तरी कर. वैद्यकीय विमा किमान 30,000 युरोंचा हवा. बारा वर्षांखालच्या लेकराचे बोटांचे ठसे घेत नाहीत. गाडी चालवणार असशील तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परमिट काढ. तिथे उजवीकडून चालवायचं, दिवसाही दिवे लावायचे, आणि 135 सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीच्या लेकराला वेगळी सीट लागते, ती गाडीसोबतच मागून ठेव. किनाऱ्यावरच्या बर्गन शहरातून फ्योर्डकाठच्या सोग्नडालला जलद बोटीनं साधारण पाच तासांत जाता येतं. काकूंसाठी बसपेक्षा तीच बरी, आणि फ्योर्डची लांबी त्या प्रवासातच अंगात भिनते.

राहायला हॉटेल नको, लाकडी केबिन घे. चादरी-उशीचे अभ्रे बहुतेक ठिकाणी वेगळ्या भाड्यानं मिळतात, घरून नेलेस तर पैसे वाचतील. शेगडी इंडक्शनची असली तर आपला ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापणार नाही. तळाला लोहचुंबक चिकटतो का ते घरीच बघ. आपली तीन गोल पिनांची प्लग तिथे बसत नाही, ॲडॅप्टर लागेल. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, शनिवारीच सामान भर.

खाण्यापिण्यात एक चूक हमखास होते. युरोपाबाहेरून दूध-मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे वहिनींचा तुपाचा डबा, पेढे, खवा, सगळं घरीच ठेव. शेंगदाण्याची चटणी, ज्वारीची कडक भाकरी, येसर, मेतकूट, डाळ-तांदूळ पुरे. धपाटे नेणार असाल तर दही न घालता, तेलावर भाजून.

बर्फाच्या दिवसाला घाई नको. गाउप्नेहून योस्तेदालच्या रस्त्यानं सुमारे 35 किलोमीटरवर ब्रेहाइम हे माहिती केंद्र आहे, तिथेच वाटाड्याबरोबरच्या फेरीची चौकशी होते. बर्फावरच्या फेऱ्यांची वयाची अट फेरीनुसार वेगळी असते. धाकट्याचं वय सांगूनच जागा राख. पुढे टोलच्या रस्त्यानं तीन किलोमीटरवर गाडीतळ, तिथून तळ्यापलीकडे छोटी बोट सोडते, मग उघड्या खडकांवरून चढ. हे खडक हिमनदीनंच घासून गुळगुळीत केलेत, पाऊस पडला की फारच घसरतात. काकूंनी गाडीतळावरच थांबावं, हिमनदी तिथूनही दिसते.

कपडे: अंगाला लागून लोकर, सुती काहीच नाही. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि हिमनदीवरून खाली घरंगळणारा गार वारा लागला की अंग गारठतं. हा वारा कडक ऊन असलं तरी असतोच, कारण बर्फाला लागून गार झालेली जड हवा उतारानं खाली येते. घोट्यापर्यंतचे, कडक तळव्याचे बूट हवेत. मऊ स्पोर्ट्स शूजवर क्रॅम्पॉन (बर्फावर चालायला बुटाखाली बांधायचे काटे) घट्ट बसत नाहीत, वाटेत सुटतात. हातमोजे उकाड्यातही घालायचे. पडलं तर बर्फाच्या खरखरीत कडा तळहात सोलतात. काळा चष्माही हवाच, बर्फावरून परतणारं ऊन डोळे जाळतं.

क्रॅम्पॉन घातल्यावर पाय थोडे फाकवून, पूर्ण तळवा एकदम टेकवून चालायचं. पाय जवळ आले की एका पायाचे काटे दुसऱ्या पायाच्या विजारीत अडकतात, आणि पडण्याचं सर्वांत नेहमीचं कारण हेच. दोर सगळ्यांना जोडलेला असतो, तो ना ताणायचा ना गोळा होऊ द्यायचा. ढील जास्त असली तर भेगेत गेलेला माणूस तेवढाच खोल जातो. फोटोसाठी थांबायचं असेल तर आधी वाटाड्याला हाक मारायची. भेग ओलांडताना उडी नाही, तो सांगेल तिथेच पाय.

आणि हे लेकरांना घरूनच बजावून ने: हिमनदीच्या तोंडाशी, दोरी आणि फलकांच्या पलीकडे, एक पाऊलही नाही. समोरची निळी भिंत स्थिर वाटते, पण ती खालून वितळत पोकळ होते आणि कसलीही सूचना न देता कोसळते. 2014 च्या ऑगस्टमध्ये याच हिमनदीच्या तोंडाशी बर्फ कोसळून एका जोडप्याचा जीव गेला, त्यांची लेकरं जवळच होती. नदीचंही तसंच. सकाळी गुडघाभर दिसणारं पाणी दुपारी वितळ वाढल्यावर फुगतं, आणि इतकं गार असतं की पोहता येणाऱ्याचाही श्वास अडकतो. म्हणून सकाळचीच फेरी घे.

फ्योर्डवर कयाक (छोटी अरुंद होडी) वल्हवायची तर तीही सकाळी. ऊन तापलं की दुपारी समुद्राकडून आत वारा वाहतो, मग वल्हवणं जड जातं. लुस्ट्राफ्योर्डकाठच्या सोल्वोर्नहून छोट्या फेरीबोटीनं पलीकडच्या उर्नेसला नक्की जा. तिथलं लाकडी चर्च साधारण 1130 च्या सुमाराचं, युनेस्कोच्या यादीतलं. दारावरची वेलबुट्टी पाहून काकूंना आपल्याकडच्या मंदिरांचे खांब आठवतील. पाऊस लागला तर वाईट वाटून घेऊ नकोस. पावसातच कड्यांवरून धबधबे भरून उतरतात, फाइगेफोसेन तर 218 मीटरचा.

दोन्ही लेकरांची वयं आणि बुटांची मापं कळव, बाकीची यादी त्यावरून पाठवतो. काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींनाही सांग.

तुझाच