कोचीचा ‘पूर्ण दिवस’ खरा किती तासांचा?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या सुट्ट्या जवळ आल्या की छत्रपती संभाजीनगर, जालना, लातूर, नांदेड इथल्या सहल आयोजकांच्या पत्रकांत मुंबईहून निघणाऱ्या जहाज सहली दिसू लागतात. कोचीला थांबा असेल तर त्यापुढे ठरलेली ओळ असते: ‘पूर्ण दिवस कोची दर्शन’. पैसे भरणाऱ्याला वाटते, सकाळी उतरायचे आणि रात्री परतायचे. प्रत्यक्षात हाती साडेचार-पाच तास लागतात. ते कसे वापरायचे हे आधी सांगितले नाही, तर कोची न बघताच माणूस जहाजावर परत येतो.

हिशेब असा. समजा जहाज सकाळी 8 वाजता धक्क्याला लागते आणि संध्याकाळी 6 वाजता सुटते. धक्क्याला लागले म्हणजे लगेच उतरता येते असे नाही. बंदराची परवानगी, शिडी लावणे, मग आयोजित सहलीचे गट आधी सोडणे, यात तास-दीड तास जातो. परतीला सगळ्यांनी जहाजावर असण्याची वेळ सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधीची असते, आणि बंदराच्या फाटकावरची ओळखपत्र तपासणी, पिशव्यांची तपासणी, शिडीपाशी रांग यांसाठी आणखी एक तास हातात ठेवावा लागतो. म्हणजे साडेनऊला बाहेर आणि चारला फाटकावर. त्यातून जाण्या-येण्याचा एक तास आणि जेवणाचा एक तास वजा केला की उरतात साडेचार तास. एवढ्यात कोचीचा एकच भाग नीट होतो, तो म्हणजे मट्टांचेरी आणि फोर्ट कोची.

जहाजे लागतात विलिंग्डन बेटावर. बंदरासाठी खाडीतला गाळ उपसला, त्याच मातीची भर घालून गेल्या शतकाच्या पूर्वार्धात हे बेट तयार केले गेले. बेटावरून रस्त्याने थोप्पुंपडीच्या पुलावरून पलीकडे गेले की आधी मट्टांचेरी लागते, फोर्ट कोची त्याच्या पुढे. तरीही बहुतेक चालक प्रवाशांना थेट फोर्ट कोचीला नेतात, कारण मासे पकडायच्या चिनी जाळ्यांपाशी सगळे खूश होतात, फोटो निघतात. तिथे दोन तास मोडले की मट्टांचेरीला पोचेपर्यंत एक वाजतो आणि ज्यूंचे प्रार्थनास्थळ, म्हणजे परदेशी सिनेगॉग, नेमके एक ते तीन बंद असते. दारापर्यंत जाऊन लोक परत फिरतात ते यामुळे. म्हणून चालकाला गाडीत बसण्याआधीच सांगावे: आधी मट्टांचेरी, मग फोर्ट कोची. एवढे एक वाक्य पाळले तरी अर्धे काम झाले.

दुसरा घोळ वाराचा. शुक्रवारी मट्टांचेरीचा राजवाडा बंद असतो. शनिवारी सिनेगॉग बंद, ज्यूंच्या सणांनाही बंद, आणि शुक्रवारी दुपारनंतर ते उघडे मिळेल हे धरूनच चालू नये. रविवारी सकाळी सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये प्रार्थना चालते, त्या वेळी आत हिंडता येत नाही. सोमवार ते गुरुवार यांपैकी एखाद्या दिवशी जहाज कोचीत असेल तर उत्तम. देवळांचेही तसेच. केरळातली देवळे साधारण अकरा-साडेअकराला बंद होतात ती पाचच्या सुमारास उघडतात, त्यामुळे दर्शन दुपारवर ढकलले की राहिलेच. पुरुषांना अनेक ठिकाणी अंगातला शर्ट काढून आत जावे लागते, हे घरच्या वडीलधाऱ्यांना आधी सांगितलेले बरे.

मट्टांचेरीचा राजवाडा पोर्तुगिजांनी बांधून कोचीच्या राजाला दिला, पुढे 1663 च्या सुमारास डचांनी डागडुजी केली म्हणून त्याला डच पॅलेसही म्हणतात. बाहेरून तो साधा, पांढरा, कौलारू वाडा वाटतो आणि कित्येक जण तिथूनच ‘काही विशेष नाही’ म्हणून वळतात. खरी गोष्ट आत आहे. राजाच्या शयनगृहाच्या भिंतींवर रामायण रंगवलेले आहे आणि त्याची सुरुवात दशरथाच्या पुत्रकामेष्टी यज्ञापासून होते. अजिंठा पाहिलेल्या आपल्या माणसाने इथे घाई करू नये. रंग मोजकेच, मातीचे आणि वनस्पतींचे, पण चित्रात बोटभर जागा मोकळी सोडलेली नाही. आत उजेड कमी असतो, त्यामुळे डोळे सरावायला दोन मिनिटे द्यावीत. फोटो काढायला मनाई आहे. वर जायला जिना आहे, गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी तो धरूनच बेत करावा.

राजवाड्यापासून सिनेगॉग चालत पाच मिनिटांवर. ते 1568 चे. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, चपला बाहेर काढाव्या लागतात. आत गेल्यावर बहुतेकांची नजर वरच्या काचेच्या झुंबरांकडे जाते. ती खाली आणावी. जमिनीवर चीनहून आणलेल्या, हाताने रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या फरश्या आहेत आणि एकीसारखी दुसरी नाही असे सांगतात. शेजारच्या दोन फरश्या निरखून पाहिल्या की झाडाच्या फांदीचा बाक कुठे बदलला ते कळते. लहान मुलांना हा फरक शोधायला लावला तर ती रमतात.

बाहेरच्या गल्लीत मसाल्यांची दुकाने आहेत. मिरी घेताना ‘तेलिचेरी’ हा शब्द ऐकू येतो. ते गावाचे नाव खरे, पण बाजारात मोठ्या दाण्याच्या प्रतीला तसे म्हणतात, म्हणून दाणा हातावर घेऊन पाहावा: जड, गडद आणि एकसारखा हवा. चार दाणे पाण्यात टाकले आणि तरंगले तर ते पोकळ तरी आहेत किंवा पपईच्या बिया तरी. हळदीचे मात्र वसमत-हिंगोलीच्या माणसाने तिथे पैसे घालवू नयेत. तेल-लोणच्याच्या सुट्या बरण्या घेऊ नयेत, जहाजाच्या तपासणीत अडकतात; बंद पाकिटे चालतात.

रिक्षाचालक अगदी थोड्या पैशांत ‘सगळे फिरवतो’ म्हणाला तर समजावे की वाटेत दोन-तीन मोठ्या दुकानांत थांबावे लागणार आहे. गिऱ्हाईक नेल्याबद्दल त्याला दुकानदाराकडून काही मिळते. जातात ते आपले पैसे नव्हेत, तासभर वेळ जातो, आणि साडेचार तासांतला एक तास फार मोठा. दोन पैसे जास्त द्यावेत पण ‘दुकान नको’ हे आधी ठरवावे. वॉटर मेट्रोची, म्हणजे शहरातल्या जलवाहतुकीची, बोट छान आहे, स्वच्छ आहे, पण सुट्टीच्या दिवशी रांग लागते. हौस असेल तर ती जाताना भागवावी, परतीचा भरवसा तिच्यावर ठेवू नये.

फोर्ट कोचीत सेंट फ्रान्सिस चर्च आणि जाळी एवढे पुरे. वास्को द गामा 1524 मध्ये कोचीतच वारला आणि त्याला याच चर्चमध्ये पुरले होते. पुढे अवशेष पोर्तुगालला नेले, इथे थडग्याची शिळा राहिली. चिनी जाळे म्हणजे तराजूसारखे तंत्र: एका बाजूला लाकडी बाहूंवर ताणलेले जाळे, दुसऱ्या बाजूला दोरांना टांगलेले दगड. चार-सहा माणसे दोर ओढतात, दगडांच्या वजनाने जाळे वर येते. पाणी चढते असताना गेले तर काम चालू दिसते, नाहीतर जाळी नुसती उभी असतात. तिथे दोर ओढायला बोलावतात, त्याचे पैसे मागतात. किती ते आधी विचारावे.

उन्हाबद्दल आपला एक गैरसमज असतो. 42 अंश सोसणाऱ्या परभणीकराला 32 अंशांचे काय, असे वाटते. पण आपल्याकडे घाम वाळतो म्हणून अंग गार राहते. कोचीत हवा इतकी दमट की तो वाळतच नाही, नुसता गळतो. तासाभरात चक्कर येते, विशेषतः रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना. सुती कपडे, पाण्याची बाटली आणि दर तासाला काहीतरी पिणे हवेच. शहाळे कुठेही मिळते. गोळ्या खोलीत न ठेवता जवळ ठेवाव्यात.

अलेप्पीची हाउसबोट आणि मुन्नार यांचा मोह या एका दिवसात टाळावाच. अलेप्पी पन्नास-पंचावन्न किलोमीटर आहे, महामार्गावर कोंडी झाली की जाण्या-येण्यातच चार तास. मुन्नारला एका बाजूनेच चार तास लागतात. जहाजाने स्वतः नेलेली सहल उशिरा आली तर जहाज थांबते, आपण भाड्याने केलेल्या गाडीसाठी थांबत नाही.

आमची सहल आयोजकांना कळकळीची विनंती आहे. ‘पूर्ण दिवस’ काढून टाका आणि पत्रकात चार गोष्टी छापा: वार, उतरायला सुरुवात होण्याची वेळ, जहाजावर परतण्याची शेवटची वेळ आणि त्या दिवशी काय बंद आहे. प्रवाशांनी उतरताना जहाजाचे कार्ड आणि मूळ आधार कार्ड, दोन्ही सोबत घ्यावे. जहाजाच्या रोजच्या पत्रकावर बंदरातील प्रतिनिधीचा फोन नंबर असतो, त्याचा मोबाइलवर फोटो काढावा आणि तो नंबर एका चिठ्ठीवरही लिहून खिशात ठेवावा, कारण फोटो काढून काढून दुपारपर्यंत मोबाइलची बॅटरी संपलेली असते.

— जहाज सहलींचे नियोजन करणारे काही वाचक, नांदेड